शेजारच्या बाईंचं कडं

मी भूलतज्ज्ञ आहे. माणसांचे चेहरे माझ्या फारसे लक्षात राहत नाहीत, हात राहतात. ऑपरेशनच्या आधी शीर शोधायची तर माणसाचा हातच आधी हातात घ्यावा लागतो. इतकी वर्षं बर्मिंगहॅममध्ये हेच केल्यावर सवय अशी लागली आहे की लग्नाच्या रिसेप्शनलासुद्धा मला नवरीच्या मेंदीआधी तिच्या शिरा दिसतात. नवरा म्हणतो, तुला चारचौघांत न्यायची सोय नाही. नको नेऊस म्हणावं.

तर आज मला दोन हातांबद्दल लिहायचं आहे. एक माझ्या आईचा आणि एक आमच्या शेजारच्या बाईंचा.

बाबा गेले त्या आठवड्यात आईने हातातलं सगळं काढून ठेवलं. पाटल्या दोन्ही सुनांना एकेक दिली, बिलवर माझ्यासाठी बाजूला ठेवले. तिला असं करायला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या घरात असलं कुणी मानत नाही. उलट भावजया मागे लागल्या होत्या की आई, निदान एखादी तरी राहू द्या. आई म्हणाली, "आता नको वाटतं." तेवढ्यावर विषय संपला.

माझ्यासाठी मात्र संपला नाही. मी भांडकुदळ आहे, माहेरी सगळे जाणतात. सांगलीला गेले की दर वेळी आईसाठी काहीतरी हातात घालायचं न्यायचे. कधी बारीक बांगडी, कधी ब्रेसलेट, एकदा तर पट्ट्याऐवजी साखळी असलेलं घड्याळ नेलं. आई कौतुकाने बघायची, छान आहे म्हणायची आणि कपाटात ठेवून द्यायची. मी सुरू व्हायचे, की तू शाळेत गणित शिकवलंस, आम्हाला कधी उपास करू दिले नाहीस, आणि आता हे काय. ती शांतपणे ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "झालं तुझं? भाजी लागतेय बघ खाली." तिचे ते मोकळे हात बघितले की मला दर वेळी बाबा नव्याने गेल्यासारखे वाटायचे. हे मी तिला कधी बोलले नाही, त्याऐवजी भांडत राहिले.

आता शेजारच्या बाई. आमची आणि त्यांची भिंत एक आहे, मागच्या बागेचं कुंपणही एक. त्या इथल्याच, इंग्रज, रिटायर्ड भूगोलाच्या शिक्षिका. त्यांचा हात सुकलेला, डागाळलेला, पण शिरा इतक्या सरळ की शिकाऊ डॉक्टरला पहिली सुई टोचायला खुशाल द्यावा. डाव्या मनगटावर चांदीचं रुंद कडं आणि मधोमध बोराएवढा निळा पिरोजा. खड्यात तपकिरी रेषांचं जाळं होतं आणि चांदीवर दोन्ही बाजूंनी ठोकलेले ठसे होते, छोटे त्रिकोण आणि अर्धचंद्र. ठशांच्या खाचा काळ्याभोर होत्या, त्यामुळे ती नक्षी लांबूनही उठून दिसायची.

ते कडं नावाहो लोकांच्या हातचं. नावाहो म्हणजे अमेरिकेतले मूळ रहिवासी, वाळवंटी मुलखातले. बाई आणि त्यांचे यजमान एका उन्हाळ्यात तिकडे गाडीने फिरायला गेले होते. रस्त्याच्या कडेला टेबल मांडून एक बाई स्वतः घडवलेले दागिने विकत होती, तिच्याकडून ते घेतलं. यजमानांनी तिथेच बायकोच्या हातात चढवलं आणि तेव्हापासून ते उतरलं नाही. बागेत माती उकरताना, भांडी घासताना, गुरुवारी रात्री कचऱ्याचे डबे घरापुढे ओढून ठेवताना ते हातात असायचंच. पुढे यजमान गेले तरी कडं हातात तसंच राहिलं.

या कड्याशी माझंही एक नातं आहे. बाबा गेल्याचा फोन आला तेव्हा मी घरी एकटी होते. नवरा कामानिमित्त केंब्रिजला होता आणि विमान दुसऱ्या दिवसाचं मिळालं. शेजारच्या बाईंना कसं कळलं कोण जाणे, बहुतेक माझा आवाज भिंतीपलीकडे गेला असावा. त्या आल्या, चहा केला, समोर बसल्या आणि अंधार पडेपर्यंत बसून राहिल्या. एकही समजुतीचा शब्द बोलल्या नाहीत. मधूनमधून कप उचलायच्या तेव्हा कडं कपावर टिणकन वाजायचं. त्या दुपारचं मला दुसरं काहीच आठवत नाही, तेवढा आवाज आठवतो. त्या आवाजाने मला त्या दिवशी सांभाळलं, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही.

गेल्या वर्षी बाईंचं खुब्याचं ऑपरेशन ठरलं. माझ्या हॉस्पिटलमध्ये नव्हे, दुसरीकडे. त्यानंतर काही आठवडे त्या भाचीकडे राहणार होत्या. ऑपरेशनला दागिना चालत नाही हे मी त्यांना काय सांगणार, त्यांनाच ठाऊक होतं. आदल्या दिवशी काठी टेकत आल्या आणि माझ्या स्वयंपाकघरात उभं राहून त्यांनी कडं उतरवलं. खाली मनगटावर गोरा पट्टा दिसला. म्हणाल्या, "कुलपात ठेवू नकोस. माणसांत ठेव." आई तेव्हा नुकतीच आमच्याकडे राहायला आली होती. ती शेजारीच उभी राहून सगळं बघत होती.

मी ते मलमलच्या कपड्यात गुंडाळून काचेच्या कपाटात वरच्या खणात ठेवलं. तिथे आमचं चांदीचं निरांजन, पंचपाळं, अत्तरदाणी, फुलपात्रं असतात. घरातली जपायची चांदी तिथेच ठेवायची, एवढाच विचार मी केला.

चांदी आणि दिवाळी म्हटल्यावर आमच्याकडे पुढे काय होतं हे मराठी वाचकाला सांगायला नको.

मी ड्यूटीवरून आले तर किचन टेबलावर फुकट मिळणारं वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर रांगोळीची वाटी, पिळलेली लिंबं, सोड्याचा डबा, आणि सगळी चांदी ओळीने लखलखत बसलेली. मधोमध कडं. पांढरंशुभ्र. आईने ओल्या रांगोळीने घासलं होतं, टूथब्रशने खाचा खरवडल्या होत्या, काळं निघेना तिथे लिंबू आणि सोडा लावला होता आणि शेवटी गरम पाण्यातून काढलं होतं.

"बिचाऱ्या बाईंचे हात दुखत असतील गं, त्यांना कुठलं घासायला जमतंय," आई म्हणाली. "म्हटलं हॉस्पिटलातून येतील, सणाचे दिवस आहेत, त्यांचंही उजळून ठेवावं. खाचांत काय मळ होता सांगू. ब्रश झिजला माझा."

ती इतकी खूश होती की मी क्षणभर गप्प राहायला हवं होतं. राहिले नाही. मी कडं हातात घेतलं. ठसे होते, पण सपाट दिसत होते, डोळ्यात काजळ नसल्यासारखे. आणि खडा. त्याची झिलई गेली होती आणि निळा रंग मंद, हिरवट झाला होता. मी म्हणाले, "आई, तो मळ नव्हता. ते काळं असण्यातच सगळी नक्षी होती. आणि हा खडा मऊ असतो, त्याला लिंबू लावतात का कुणी?"

आईने माझ्या हातातून कडं घेतलं, खिडकीशी नेलं, उलटंसुलटं करून पाहिलं. मग हळूच विचारलं, "त्यांच्या यजमानांनी दिलेलं ना हे?"

मी हो म्हटलं. आई खुर्चीत बसली आणि दोन्ही हात शालीत घेतले. त्या दिवाळीत चकलीची भाजणी तशीच राहिली. ती जेवायची, पण वाढलेलं संपवण्यापुरतं. एकदा मला म्हणाली, "मी माझ्या हातातलं काढलं ते माझ्या मनाने. त्यांचं मी न विचारता पुसून टाकलं." 

मग मी मला जमतं ते केलं. दुरुस्ती. आमच्या शहरात सोनार-चांदीवाल्यांची आख्खी एक वस्तीच आहे, तिथे एका कारागिराशी बोलले. तो म्हणाला, खाचांत परत काळं भरता येईल, एक औषध लावलं की झालं, खड्याला थोडी झिलईही देऊ. बाई यायला अजून अवकाश होता. मी ठरवलं, पूर्ववत करून घ्यायचं आणि विषय वाढवायचा नाही. आईला घेऊन बसने निघाले, कारण कडं तिने स्वतःच्या पर्समध्ये ठेवलं होतं आणि पर्स सोडायला ती तयार नव्हती.

बसचा ड्रायव्हर सरदारजी होता. आईने उतरताना नेहमीप्रमाणे त्याला हात जोडले, त्यानेही स्टीअरिंगवरचा हात उचलून नमस्कार केला. त्याच्या मनगटातलं पोलादी कडं आई जरा जास्तच वेळ बघत राहिली. मागचे लोक खोळंबले, मला तिला कोपराला धरून खाली उतरवावं लागलं.

दुकानात कारागिराने हात पुढे केला. आईने पर्स उघडली, कडं बाहेर काढलं आणि मुठीत धरून बसली.

"दे ना," मी म्हणाले.

"नको."

"आई, तो परत होतं तसं करून देईल. त्यांना कळणारसुद्धा नाही."

"म्हणूनच नको," आई म्हणाली. "एकदा त्यांना न विचारता हात लावला. आता दुसऱ्यांदा नाही. त्या आल्या की मी सांगेन. मीच सांगेन, तू मध्ये बोलायचं नाही."

मी तिथेच तिच्याशी वाद घातला, मराठीत, त्या परक्या माणसासमोर. तो आपला दुसऱ्या कामाला लागला. आई बधली नाही. येताना बसमध्ये तिने पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरून ठेवली होती.

शेजारच्या बाई घरी परतल्या त्या वॉकिंग फ्रेमवर. आईने त्यांच्यासाठी मुगाची खिचडी आणि कढी केली आणि त्याआधी दोन दिवस माझ्याकडून इंग्रजीची उजळणी करून घेतली. मी चांगली लांबलचक वाक्यं तयार करून दिली होती. तिने त्यातलं एकही वापरलं नाही. बाईंच्या समोर बसली, कडं त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "आय क्लीन. आय स्पॉइल. व्हेरी सॉरी." आणि हात जोडले.

मी उभीच होते. बाईंनी चष्मा लावला, कडं उजेडात धरलं आणि अंगठ्याचं नख एकेका खाचेतून फिरवलं. "काही हरकत नाही" असं त्या म्हणाल्या नाहीत. त्यांना हरकत होती, ते त्यांच्या तोंडावर दिसलं. मला भीती वाटली, खरोखर वाटली, की आता हे नातं संपलं, आणि आई हे ओझं घेऊन सांगलीला जाणार.

कडं तसंच उजेडात धरून त्या म्हणाल्या, "त्या टेबलावर ते असंच होतं. इतकंच पांढरं. मी विसरूनच गेले होते."

मग त्यांनी सांगितलं, आणि मी आईला मराठीत सांगत गेले. घडवणाऱ्या बाईने खाचांत काळं भरलं नव्हतं. तिने सांगितलं होतं की हे पेटीत ठेवू नका, वापरा. जिथे हात लागतो तिथे चांदी उजळत जाते, जिथे पोचत नाही तिथे काळवंडते. खडाही अंगाचं तेल पितो आणि हळूहळू रंग धरतो. "म्हणजे ते काळं आमच्या दोघांचं होतं," बाई म्हणाल्या. "रस्ता ओलांडताना तो माझा हाच हात धरायचा."  सोनाराचं औषध आईने लावू दिलं नाही याबद्दल मी तिचे मनातल्या मनात पाय धरले.

मी म्हटलं, निदान आता हातात घाला. बाईंनी फ्रेमकडे बोट दाखवलं. दोन्ही हात दांड्यावर दाबून धरावे लागतात, कडं आपटतं, आणि सलाइन लावलेलं मनगट अजून दुखतं. मग त्यांनी कडं उचललं आणि सरळ आईपुढे धरलं. "त्यांनी पांढरं केलंय, आता त्यांनीच काळं करून द्यायचं. मला चालता येईपर्यंत घालू देत."

मी भाषांतर केलं. आई गडबडली. "त्यांना सांग, मी हातात काही घालत नाही."

"का?" बाईंनी विचारलं.

"वडील गेल्यापासून," मी म्हणाले.

बाई आईकडे बघत म्हणाल्या, "माझाही गेलाय." आणि हात तसाच पुढे धरून ठेवला.

याचं भाषांतर करावं लागलं नाही. मी आईकडे बघत नव्हते, कारण बघितलं असतं तर काहीतरी बोलले असते आणि सगळं बिघडलं असतं. आईने कडं घेतलं. त्याच्या मागच्या बाजूला जी फट असते, जिथून ते मनगटात शिरतं, त्या फटीत बोट घालून पाहिलं. मग माझ्याकडे वळून, शाळेत गणित समजावायची त्या आवाजात म्हणाली, "ही काही बांगडी नव्हे. याला तोंड आहे. त्या बसवाल्याच्या हातात होतं तसलं कडं आहे हे. पुरुषसुद्धा घालतात."

"बरोबर," मी म्हणाले. आयुष्यात इतक्या लगेच मी आईचं म्हणणं कधी मान्य केलं नव्हतं.

तिने हात पुढे केला. बाईंनी मनगटाच्या अरुंद बाजूने कडं आत सरकवलं आणि फिरवून खडा वर आणला. आईने मला विचारायला लावलं की भांडी घासताना काढायचं का. बाई म्हणाल्या, काढायचं नाही, कणीक मळतानाही नाही.

तो सगळा हिवाळा आईच्या हातात ते कडं होतं. पोळ्या लाटताना पोळपाटावर टकटक वाजायचं. कणीक खाचांत अडकायची, ती फुंकर मारून काढायची, ब्रशला हात लावायची तिची हिंमत नव्हती. थंडीने हात फुटायचे म्हणून रोज खोबरेल चोळायची आणि खड्यालाही तेच मिळायचं. दुपारी दोनच्या सुमारास शाल गुंडाळून शेजारी जायची. त्या दोघी काय बोलत असतील असं मला वाटायचं, म्हणून एकदा बघायला गेले. टीव्हीवर स्नूकर चालू होतं आणि दोघी भिंगातून कडं तपासत होत्या. बाई म्हणाल्या, "लिटल." आई म्हणाली, "व्हेरी लिटल." आणि दोघी परत स्नूकर बघायला लागल्या.

पण काळं येत होतं. आधी त्रिकोणांच्या टोकांत, मग अर्धचंद्रांत. खडा पहिल्यासारखा निळा झाला नाही. निळ्या आणि हिरव्याच्या अधलामधला, पण खोल आणि तेजदार रंग त्याने धरला. बाई म्हणाल्या, आता त्याच्यात खोबरेल पण आहे.

फेब्रुवारीत आई परत निघाली तोवर बाई काठीवर आल्या होत्या. आई स्वतः जाऊन कडं देऊन आली. मी बरोबर गेले नाही. एअरपोर्टला जाताना गाडीत ती उजव्या हाताने डावं मनगट चोळत होती आणि मी रस्त्याकडे बघत होते. तिला विकत काही घेऊन द्यावं असं माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. मी गप्प राहिले. नवरा म्हणतो, ते त्याने पाहिलेलं माझं सगळ्यात मोठं नवल होतं.

त्यानंतर काही आठवड्यांनी, एका रविवारी सकाळी मी आईला व्हिडिओ कॉल केला. तिने फोन नेहमीसारखा डब्याला टेकवून ठेवला होता, त्यामुळे मला अर्धं छत आणि तिचं कपाळ दिसत होतं. ती मटार सोलत होती. आणि मला आवाज आला. आधी वाटलं भांड्याचा असेल.

"आई, हात दाखव," मी म्हणाले.

"काय झालं हाताला?"

"दाखव ना."

तिने हात वर केला. चांदीच्या दोन बांगड्या होत्या. साध्या, गोल, पूर्ण मिटलेल्या.

"कधी घेतल्यास?"

"परवा. तुझ्या वहिनीला घेऊन सराफकट्ट्यावर गेले होते. हात हलका हलका लागत होता," आई मटार सोलत म्हणाली. "दुकानदार पॉलिश करून देतो म्हणत होता. म्हटलं, राहू दे, त्याला हात लावू नकोस."

फोन हातात तसाच घेऊन मी घरातल्या चपलांवरच बाहेर पडले, शेजारचं दार वाजवलं. बाबा गेले त्या दुपारी बाई माझ्यासमोर बसून राहिल्या होत्या त्याबद्दल मी त्यांचे कधी नीट आभार मानले नव्हते, तेही आता बोलावं असं वाटलं, पण मला रडू येत होतं. दार उघडल्यावर मी नुसता फोन त्यांच्यासमोर धरला. बाईंनी चष्मा शोधला, वाकून पाहिलं आणि आपला कडं घातलेला हात स्क्रीनपुढे धरला. तिकडे सांगलीत आईने आपला धरला. मी दोघींच्या मध्ये फोन धरून उभी होते.